कलासंग्रहाची डिजिटल नोंद कशी आखायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या छोट्या विश्वस्त संस्था, चित्रकारांचे वारस आणि दोन-तीन हौशी संग्राहक यांच्या चित्रांच्या नोंदी लावून द्यायचं काम मी करते. फोनवर तेच तेच प्रश्न येतात. तेच तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. सगळी वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा. तिसरा प्रश्न मात्र सोडू नका.

१. मेटाडेटा योजना म्हणजे काय? आमच्याकडे एक्सेलची यादी आहे की!

मेटाडेटा म्हणजे चित्राबद्दलची माहिती. तिची यादी असेल तर अर्धं काम झालं. योजना म्हणजे त्या यादीमागचे नियम: रकाने कोणते, प्रत्येकात काय लिहायचं, काय लिहायचं नाही आणि कोणत्या शब्दांत. एका यादीत 'तंत्र' या रकान्यात मला 'जलरंग', 'वॉटरकलर', 'वॉ. क.', 'पाण्याचे रंग' आणि 'जलरंग बहुतेक' असे पाच प्रकार सापडले. पाच वर्षांत चार जणांनी ती भरली होती. 'जलरंग' शोधलं की बाकीची चित्रं गायब.

संग्राहक हयात असतो तोवर हे खपून जातं, कारण शोधायचं म्हणजे त्यालाच विचारायचं. राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवा. दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह १९७५ मध्ये राज्य सरकारच्या हवाली केला. एकाच्या डोक्यातली माहिती दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ प्रत्येक संग्रहावर येते. योजना त्या दिवसासाठी करायची असते.

२. सुरुवात कुठून करू? सॉफ्टवेअर आधी घेऊ का?

नको. आधी एक कोरा कागद घ्या आणि या संग्रहाला पुढे कोण काय विचारणार ते लिहा. नात विचारेल, 'आजोबांचं पर्वतीचं चित्र कुणाला विकलं?' प्रकाशक विचारेल, 'दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर घ्यायला परवानगी कोण देणार?' विद्यार्थी विचारेल, '१९६० च्या दशकातली निसर्गचित्रं किती?' तुमचाच सहायक विचारेल, 'ही फाईल उघडत नाही, मूळ प्रत कुठल्या डिस्कवर आहे?' असे वीस प्रश्न झाले की रकाने आपोआप दिसायला लागतात. ज्या रकान्यामुळे एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, तो काढून टाका. एका ठिकाणी 'फ्रेमचा रंग' हा रकाना सक्तीचा होता आणि 'हक्क कुणाकडे' हा रकानाच नव्हता.

३. एका चित्राची एकच ओळ पुरत नाही का?

नाही पुरत. बहुतेक घोळ इथेच सुरू होतात.

पुण्याचंच उदाहरण घेऊ. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा छापखाना सुरू झाला. देवादिकांची आणि ऐतिहासिक व्यक्तींची रंगीत शिळाछाप चित्रं तिथून निघाली आणि घरोघरी भिंतींवर गेली. समजा, त्यातलं एक तुमच्याकडे आहे आणि तुम्ही ते स्कॅन केलंत. आता हातात किती गोष्टी आहेत? चित्रकाराने रचलेलं चित्र ही एक. त्याच्या छापून निघालेल्या अनेक प्रतींपैकी तुमच्याकडची, उजव्या कोपऱ्यात वाळवी लागलेली प्रत ही दुसरी. तिसरी म्हणजे त्या प्रतीची स्कॅन केलेली मूळ टिफ फाईल. चौथी म्हणजे त्या टिफवरून काढलेली, वेबसाइटवर टाकायची लहान जेपेग.

'साल' या एकाच रकान्यात या चौघांपैकी कुणाचं साल लिहायचं? माझ्या पहिल्याच कामात मी हा विचार केला नव्हता. स्कॅनरवाल्या मुलाने इमानेइतबारे स्कॅनची तारीख भरली आणि एकोणिसाव्या शतकातल्या गणपतीपुढे 'निर्मिती: २०१७' असं झळकलं. चूक त्याची नव्हती. रकान्याचं नाव नुसतं 'तारीख' होतं आणि ते मीच ठेवलं होतं.

म्हणून किमान तीन थर ठेवा: कृती, प्रत आणि फाईल. कृतीच्या नोंदीत चित्रकार, शीर्षक, विषय, निर्मितीकाळ. प्रतीच्या नोंदीत दाखल क्रमांक (संग्रहात आल्यावर तिला दिलेला), माप, अवस्था, कुणाकडून आली, कुठे ठेवली आहे. फाईलच्या नोंदीत स्वरूप, पिक्सेल, स्कॅनची तारीख, कुणी केलं, चेकसम (फाईलचा ठसा, दहावा प्रश्न बघा). एका कृतीला अनेक प्रती, एका प्रतीला अनेक फाईली. चित्र एकमेव असेल, तैलचित्रासारखं, तर पहिले दोन थर एकत्र केले तरी चालतात. फाईलचा थर मात्र कधीही मिसळू नका.

४. डब्लिन कोअर, व्हीआरए कोअर, सीडीडब्ल्यूए, लिडो... यातलं आम्ही काय वापरायचं?

नावांना घाबरू नका. हे सगळे नोंदींचे तयार आंतरराष्ट्रीय साचे आहेत. डब्लिन कोअर १९९५ च्या बैठकीतून आलं. ती बैठक अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी झाली, आयर्लंडमधल्या नव्हे. त्यात पंधरा घटक, म्हणजे ठरलेले रकाने, आहेत आणि ते कुठल्याही वस्तूला लावता येतात. तीच त्याची ताकद आणि तीच अडचण. 'डेट' हा एकच घटक, त्यात चित्राची तारीख की स्कॅनची हे तुम्हीच ठरवायचं. एका नोंदीत एकाच वस्तूचं वर्णन करावं असं डब्लिन कोअरवाले स्वतःच सांगतात. लोक ते वाचत नाहीत.

व्हीआरए कोअर हे दृश्यकलेसाठीच आहे. त्याची चौथी आवृत्ती २००७ ची. कृती, प्रतिमा आणि संग्रह यांची वेगळी नोंद त्यात मुळातच आहे. वर सांगितलेल्या थरांची कल्पना मी तिथूनच घेतली आणि आपल्या सोयीने वाढवली. अमेरिकेतल्या गेटी या कलासंस्थेची सीडीडब्ल्यूए फार सविस्तर आहे, मोठ्या संग्रहालयांच्या कामाची. ती पूर्ण भरायला बसलात तर दहा चित्रांनंतर उठाल. लिडो हा मुख्यतः माहितीची देवाणघेवाण करायचा साचा आहे: तुमच्या नोंदी दुसऱ्या पोर्टलला द्यायच्या असतील तेव्हा तो कामी येतो.

माझा सल्ला असा: रकाने स्वतःचे, मराठी नावांचे ठेवा. प्रत्येक रकान्यापुढे तो डब्लिन कोअरच्या आणि व्हीआरएच्या कुठल्या घटकाशी जुळतो, याचा एक तक्ता करून ठेवा. उद्या कुणी मागितलं तर त्या तक्त्यावरून नोंदी काढून देता येतात. काही घटक जुळणार नाहीत. तिथे 'जुळत नाही' असंच लिहा, ओढूनताणून बसवू नका.

५. कमीत कमी किती रकाने?

कृतीसाठी सात: ओळख क्रमांक, शीर्षक, कलाकार, निर्मितीकाळ, कलाप्रकार, माध्यम-तंत्र, विषय. प्रतीसाठी पाच: दाखल क्रमांक, माप, अवस्था, कशी आली, हक्काची स्थिती. ठेवल्याची जागा सहावा, पण तो लोकांना दाखवायचा नाही. फाईलसाठीचे बरेचसे रकाने यंत्रच भरतं, ते हाताने भरू नका.

शीर्षकाबद्दल एकच गोष्ट. चित्रकाराने नाव दिलेलं नसेल आणि तुम्ही 'नदीकाठी बसलेली स्त्री' असं लिहिलंत, तर ते नाव कुणी दिलं यासाठी शेजारी एक खूण हवी. नाहीतर दहा वर्षांनी तेच चित्रकाराचं शीर्षक म्हणून छापलं जातं.

६. एकाच चित्रकाराची चार नावं. कोणतं लिहायचं?

चारही. पण एकदाच, वेगळ्या यादीत.

आपल्याकडे आद्याक्षरांची गंमत आहे. शि. द. फडणीस हे नाव इंग्रजीत 'एस. डी.' होतं आणि तिथून मराठीत परत येताना 'एस. डी. फडणीस' होऊन येतं. वासुदेव गायतोंडे हे व्ही. एस. गायतोंडे म्हणूनच जास्त ओळखले जातात. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांच्या पुण्यात इंग्रजांचे दरबारातले राजदूत चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासाठी काम करणारा गंगाराम बघा. कुठे गंगाराम तांबट, कुठे गंगाराम चिंतामण नवगिरे, कुठे दोन्ही जोडून. त्याची बरीच चित्रं आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तिथल्या नोंदीशी आपली नोंद जुळायची तर नावांचे सगळे अवतार एका क्रमांकाखाली हवेत. तांबट हा व्यवसायही आहे, पुण्यात तांबट आळीही आहे. नुसतं 'तांबट' शोधलं तर काय काय हाती लागेल ते सांगायला नको.

तेव्हा कलाकारांची एक स्वतंत्र यादी करा. प्रत्येकाला क्रमांक द्या, एक नाव दाखवण्यासाठी निवडा, बाकीची 'पर्यायी' म्हणून ठेवा. गेटीच्या युलान या कलाकारांच्या नावांच्या यादीत किंवा विकिडेटा या खुल्या माहितीकोशात तो कलाकार असेल तर तिथला क्रमांकही टिपून ठेवा. चित्राच्या नोंदीत नाव टाइप करायचं नाही, यादीतून निवडायचं. कुणाचं चित्र आहे याची खात्री नसेल तर 'यांचं मानलं जातं', 'यांच्या शिष्यवर्गातलं' अशा ठरलेल्या शब्दांचा छोटा रकाना ठेवा. प्रश्नचिन्ह टाकू नका. ते शंकेचं आहे की टाइप करतानाची चूक, ते नंतर कुणाला कळत नाही.

७. चित्रामागे 'शके १८१७' लिहिलंय. साल काय भरू?

दोन रकाने. पहिल्यात जसं आहे तसं: 'शके १८१७'. दुसऱ्यात यंत्राला कळेल असं: सर्वांत आधीचं साल १८९५, सर्वांत नंतरचं १८९६. शक चैत्रात सुरू होतो, म्हणून बहुतेक महिन्यांना ७८ मिळवायचे आणि वर्षअखेरीच्या जानेवारी ते मार्च या भागाला ७९. तिथी दिलेली नसेल तर दोन्ही सालं शक्य आहेत, आणि नोंदीनेही तसंच सांगायला हवं. पेशवेकालीन कागदांवर शुहूर सन असतो; त्याला ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. रूपांतर करणाऱ्याने मूळ मजकूर पुसला, तर त्याची बेरीज तपासायची सोयच राहत नाही.

'सुमारे १९३०' म्हणजे अलीकडेपलीकडे किती वर्षं, हे एकदा ठरवा. आम्ही पाच धरतो. अनिश्चित तारखा लिहायची आंतरराष्ट्रीय पद्धतही आहे, ईडीटीएफ नावाची. २०१९ पासून ती आयएसओ ८६०१ या तारखा लिहायच्या प्रमाणाच्या दुसऱ्या भागात आली आहे. तांत्रिक माणूस हाताशी असेल तर जरूर वापरा.

एक्सेलपासून सावध. ते १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून ओळखत नाही. दाखल क्रमांक '३/१२' इंग्रजी आकड्यांत टाइप केलात तर एंटर दाबताच तो तीन डिसेंबर किंवा बारा मार्च होतो, आणि मूळ क्रमांक गेला तो गेलाच. पहिली नोंद भरायच्या आधी सगळे रकाने 'टेक्स्ट' करा.

८. नोंदी मराठीत ठेवायच्या की इंग्रजीत?

शीर्षक, विषय, टिपणं ज्या भाषेत विचार करता त्या भाषेत. सगळा संग्रह इंग्रजीत नोंदवून 'मंगळागौर' या विषयासाठी तीन ओळींचं स्पष्टीकरण लिहिण्यात काय अर्थ आहे? माध्यम-तंत्रासाठी गेटीची एएटी ही शब्दसूची आहे, त्यात प्रत्येक संकल्पनेला क्रमांक असतो. शेजारी आपला शब्द लावा: शिळाछाप, जलरंग, काष्ठमुद्रण. क्रमांक जुळला की भाषा कुठलीही असो, जगभरच्या नोंदींशी सांधा जुळतो.

मराठीची खरी डोकेदुखी वेगळीच आहे. जुन्या याद्या श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर सगळी यादी रोमन अक्षरांचा कचरा दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, बदलून देणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार यांत ती चुकतात. निदान माणसांची आणि गावांची नावं डोळ्यांनी तपासाच.

युनिकोडमध्ये आलात तरी सुटका नाही. 'ॲक्रिलिक' या शब्दातला पहिला स्वर काही कीबोर्ड एकाच चिन्हाने उमटवतात, काही 'अ' वर वेगळा चंद्र ठेवून. दिसायला दोन्ही एकसारखे, संगणकासाठी दोन वेगळे शब्द. हे एकसंध चिन्ह युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्यामुळे जुन्या मजकुरात दुसरंच रूप सापडतं. 'कऱ्हाड' तर याहून वस्ताद. त्यातला तो अर्धा र एकतर खाली टिंब असलेल्या र ला हलन्त देऊन लिहिला जातो, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण या दोन्ही जोड्या एक करत नाही. एका संग्रहात कऱ्हाडची सात निसर्गचित्रं होती आणि शोधल्यावर चारच येत होती. पडद्यावर दोन्ही शब्द शेजारी ठेवून आम्ही तासभर डोळे फाडून बघत होतो. शेवटी शब्द मागून एकेक अक्षर खोडत नेला, तेव्हा एका शब्दाला बॅकस्पेस एकदा जास्त दाबावा लागला आणि चोर सापडला.

उपाय: कोणतं रूप वापरायचं ते नियमावलीत लिहा आणि महिन्यातून एकदा दुसरं रूप शोधून बदला. अंकांचंही तसंच. वाचकाला देवनागरी दाखवा, पण क्रमवारी लावायच्या रकान्यात आकड्यांची एकच जात ठेवा.

९. मुळातच संगणकावर केलेल्या कलाकृतींचं काय?

इथे चौकटीतल्या चित्रांची सवय उपयोगी पडत नाही. तैलचित्राला माप असतं. व्हिडिओ कलाकृतीला कालावधी, पडद्याचं गुणोत्तर, ध्वनीच्या वाहिन्या, फिरून फिरून लावायची की एकदाच, अंधारी खोली हवी की नको, हे सगळं असतं. 'माध्यम: डिजिटल' एवढंच लिहिणं म्हणजे जेवणात काय होतं विचारल्यावर 'अन्न' असं सांगणं.

फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण माझ्या नेहमी तोंडी असतं. २००० च्या आसपास किती मुलांनी त्यात ॲनिमेशन आणि परस्परसंवादी चित्रं केली! ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरचा पाठिंबा थांबवला आणि त्या फाईली जिथल्या तिथे मुक्या झाल्या. रफलसारख्या अनुकरण-प्रणालीत त्यातल्या काही पुन्हा चालतात. कोणत्या, हे कळायला मूळ फाईल कुठल्या आवृत्तीत केली होती, सोबत कोणते फॉन्ट आणि ध्वनिफिती होत्या, ही माहिती लागते. ती ज्यांनी त्या वेळी लिहून ठेवली त्यांचं काम वाचलं.

म्हणून फाईलच्या थरात वाढवा: कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती, चालायला काय काय लागतं, मूळ संपादनयोग्य फाईल मिळाली की फक्त अंतिम. आणि एक रकाना, ज्यासाठी कलाकाराशी तासभर बोलावं लागतं: काय बदललं तरी चालेल? जुना जड काचेचा मॉनिटर गेला आणि सपाट पडदा आला तर ती तीच कलाकृती राहते का? एक जण म्हणतो, बिनधास्त बदला. दुसरा म्हणतो, तो मॉनिटर हीच कलाकृती आहे. उत्तर तारखेसह, कलाकाराच्याच शब्दांत लिहा.

एनएफटी (ब्लॉकचेनवर नोंदलेला मालकीचा डिजिटल दाखला) असेल तर कोणती ब्लॉकचेन, कराराचा पत्ता, टोकन क्रमांक आणि प्रत्यक्ष फाईल कुठे ठेवली आहे ते टिपा. टोकन म्हणजे कलाकृती नव्हे. फाईलची प्रत स्वतःकडे हवीच. एआयच्या मदतीने केलेल्या कामासाठी मॉडेलचं नाव, आवृत्ती आणि दिलेली सूचना.

१०. चेकसम म्हणजे काय, आणि तो लागतोच का?

फाईलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा. एसएचए-२५६ पद्धतीने तो ६४ अक्षर-अंकांचा येतो आणि फाईलमधला एक बिट जरी बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. सहा महिन्यांनी पुन्हा काढा आणि जुळवा. ए-फोर आकाराचं चित्र ६०० डीपीआयने रंगीत स्कॅन केलं तर टिफ साधारण १०० एमबीची होते. अशा हजारो फाईलींपैकी कुठली सडली हे डोळ्यांनी कळत नाही. तेव्हा हो, लागतोच.

११. कलाकार फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. चालेल?

नाही. चित्र लहान होतं आणि कॅमेऱ्याने नोंदवलेली माहिती गळून जाते. फारच नाइलाज असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

१२. चित्र आमच्या मालकीचं आहे, मग हक्कही आमचेच ना?

कागद तुमचा, कॉपीराइट बहुधा नाही. भारतात १९५७ च्या कायद्यानुसार साधारणपणे कलाकार पहिला हक्कधारक असतो. मोबदला देऊन काढून घेतलेलं व्यक्तिचित्र आणि नोकरीत केलेलं काम यांना अपवाद आहेत. हक्क दुसऱ्याकडे जायचा तर लेखी करार लागतो. मुदत कलाकाराचं आयुष्य आणि पुढे ६० वर्षं. ती मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजायची. १९६४ मध्ये वारलेल्या चित्रकाराची, हयातीत प्रसिद्ध झालेली चित्रं १ जानेवारी २०२५ ला मोकळी झाली. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, तिथे प्रश्नच उरत नाही. छायाचित्रांचा वेगळा नियम २०१२ च्या दुरुस्तीत गेला, त्यामुळे जुन्या टिपणांवर विसंबू नका.

म्हणून कलाकारांच्या यादीत मृत्यूचं साल हा रकाना सोडू नका. हक्काची अर्धी उत्तरं तिथूनच मिळतात. उरलेल्यांसाठी हक्कधारकाचं नाव, परवानगीपत्राचा क्रमांक आणि परवानगी कशाकशाची हे तीन रकाने पुरतात. 'वेबसाइटवर दाखवा, पण कॅलेंडरवर नको' अशी परवानगी अगदी नेहमीची आहे. लोकांना दाखवायच्या ओळीसाठी राइट्सस्टेटमेंट्स या संकेतस्थळावर हक्कांची बारा ठरलेली विधानं आहेत, त्यांतून निवडा.

१३. किंमत, विमा, देणगीदाराचा फोन?

नोंदवा, पण वेगळ्या कुलपात. सार्वजनिक नोंदीत त्यातलं काहीही जायला नको.

१४. किती दिवस लागतील?

आधी पंचवीस नोंदी घड्याळ लावून करा. त्या सोप्या निवडू नका. नाव नसलेलं, तारीख फाटलेलं, दोन्ही बाजूंना चित्र असलेलं, असली नाठाळ पोरं आधी घ्या. समजा, एका नोंदीला सरासरी बारा मिनिटं लागली आणि चित्रं चार हजार आहेत, तर आठशे तास झाले. रोज सहा तास खरं काम धरलं तर एका माणसाचे १३३ दिवस. हा आकडा विश्वस्तांपुढे ठेवला की 'विषय' या रकान्यात किती खोल जायचं ते झटकन ठरतं.

१५. आता तरी सॉफ्टवेअर सांगाल का?

सांगते. पाचशेपर्यंत चित्रं असतील तर तीन जोडलेल्या पानांची स्प्रेडशीट आणि निवडयाद्या पुरतात. त्यापुढे ओमेका एस किंवा कलेक्टिव्हॲक्सेस, दोन्ही मुक्त स्रोत. दुसरं शिकायला जड आहे, पण थरांची रचना त्यात नीट बसते. आपल्या पुण्याच्याच सी-डॅकने संग्रहालयांसाठी 'जतन' ही प्रणाली केली आहे आणि 'म्युझियम्स ऑफ इंडिया' या पोर्टलमागे तीच आहे. तिथल्या नोंदी उघडून बघा. कोणते रकाने भरलेले असतात आणि कोणते रिकामे राहतात, त्यावरून बरंच कळतं. काहीही घ्या, पण घेण्याआधी एक प्रश्न विचारा: सगळा मजकूर मला सीएसव्हीत, म्हणजे कुठेही उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाईलीत, बाहेर काढता येईल का? विक्रेता घुटमळला तर चहा पिऊन उठा.

१६. योजना नंतर बदलली तर?

बदलतेच. नियमावलीला आवृत्ती क्रमांक द्या आणि प्रत्येक नोंदीत ती कुठल्या आवृत्तीनुसार भरली ते यंत्राकरवी टिपून घ्या. रकाना नव्याने वाढवणं सोपं, दोन रकाने एकत्र करणं जमतं, पण एकाच रकान्यात कोंबलेल्या दोन गोष्टी वेगळ्या करणं फार महाग पडतं. शंका असेल तिथे सुरुवातीलाच वेगळे ठेवा.

आणि नियमावली चाळीस पानांची झाली तर ती कुणी वाचणार नाही. आमच्याकडे स्कॅनरच्या वर भिंतीवर एक पाटी आहे, अस्सल पुणेरी: 'स्कॅनची तारीख चित्राच्या तारखेत भरू नये. भरल्यास सर्व नोंदी स्वतः दुरुस्त कराव्यात. चहा मिळणार नाही.'